सोमवारची चूकयादी

सोमवारी सकाळी दहा वाजता चूकयादी लागायची आणि दहा वाजून पाच मिनिटांनी केतकी रणदिवेचा आठवडा नासायचा.

यादी तिची नव्हे, होनरावांची. तिची स्वतःची यादी जवळजवळ कोरी असायची आणि त्याचा तिला अभिमान होता. नाशिकच्या संवादी पाठ प्रयोगशाळेत आठवीचं विज्ञान दोघंच शिकवत, केतकी आणि बालाजी होनराव. दोघांच्या याद्या प्रवेशदालनातल्या भल्यामोठ्या पडद्यावर शेजारीशेजारी लागत. केतकीच्या नावाखाली दोन-तीन ओळी, कधी एकही नाही. होनरावांच्या नावाखाली ओळींवर ओळी, आणि त्या वाचायला ही गर्दी. लोक वाचत, हसत, चहाचा कप हातात धरून दहा-दहा मिनिटं रेंगाळत. ज्या माणसाची मुलं एवढी चुकतात त्याचं एवढं कौतुक कशाला, हे तिला कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणून ते जास्तच टोचत होतं.

२०४१ साल होतं. नुसत्या चित्रफितीवर शिकायचे दिवस मागे पडले होते. त्या काळी शिक्षक पडद्यावर बोलत राहायचा आणि मूल समोर बसून नखं कुरतडत राहायचं. फीत संपली की धडा झाला असं दोघंही मानायचे. संवादी पाठ तसा नव्हता. त्यात दर दोन-तीन मिनिटांनी 'थांबा' येई. पडद्यावरचा शिक्षक प्रश्न विचारी आणि खरोखरच वाट पाही. मूल आपल्या बोलीत उत्तर देई, यंत्र ते समजून घेई आणि शिक्षकाने आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या शेकडो तुकड्यांमधला नेमका उत्तरतुकडा लावी. मुलाला वाटे, सर आपल्याशीच बोलताहेत.

प्रयोगशाळेचा एक नियम फार कडक होता. शिक्षक जे प्रत्यक्ष बोलला नाही, ते यंत्राने त्याच्या तोंडी घालायचं नाही. त्यामुळे एखादं मूल कुणाला सुचलीच नव्हती अशी चूक करून बसलं की पाठ अडकायचा. 'याचं उत्तर तुला पुढच्या आठवड्यात देतो,' एवढंच म्हणून पुढे जायचा. अशा सगळ्या चुका सोमवारी यादीत येत आणि शिक्षकाने आठवडाभर चित्रणकक्षात बसून एकेका चुकीला उत्तर द्यायचं. शंभरात किती वेळा पाठ अडकला, त्याला म्हणायचं अडकमान.

दिवाळीनंतर दोघांपैकी एकाचे पाठ राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांमध्ये जाणार होते, पुढची दहा वर्षं. दुसऱ्याचे कपाटात. केतकीला ते हवं होतं, आणि तसं ती उघड बोलून दाखवायची. बावीस वर्षं तिने शिकवलं होतं. जुन्या चित्रफितींच्या जमान्यात लाखो मुलांनी तिला पाहिलं होतं, लग्नकार्यात अनोळखी बायका येऊन म्हणत, "अय्या, तुम्ही त्या विजेच्या धड्याच्या बाई ना?" तिच्या बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. आणि तिच्यासमोर हे होनराव! अहमदपूर तालुक्यातल्या कुठल्याशा खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेचे मास्तर. दर वाक्याला 'बगा'. बोलता बोलता अडले की कॅमेऱ्यासमोरच मान खाजवत. असल्या माणसाशी आपली स्पर्धा आहे, याचंच तिला आधी हसू येई. श्रावण संपेपर्यंत ते हसू ओसरलं होतं.

प्रकल्पाचे मुख्य अभियंते नौशाद तांबोळी मूळचे वाईचे. गोड बोलत, पण खरं बोलत. एका सोमवारी केतकीने त्यांना गाठलं आणि विचारलं, की अडकमान तर माझं कमी आहे, मग समितीतले लोक होनरावांचेच पाठ का बघत बसतात?

तांबोळींनी तिला बसवलं, चहा मागवला आणि तिच्या एका पाठाची नोंद उघडून दाखवली. थांब्यामागून थांबा. केतकीचा प्रश्न, आणि खाली मुलांची उत्तरं. हो. हो बाई. समजलं. समजलं बाई.

"मुलं चुकत नाहीत याचा अर्थ त्यांना समजलंय," केतकी म्हणाली.

"मॅडम, त्याचा अर्थ एवढाच, की ती बोलत नाहीत," तांबोळी म्हणाले. "तुमचं इतकं स्वच्छ असतं, की त्यानंतर 'मला नाही कळलं' म्हणायची मुलाला लाज वाटते. होनराव सर स्वतःच अडखळतात. मग मुलंही बिनधास्त अडखळतात. आणि हे यंत्र चुकांवरच वाढतं. ज्या पाठात चूक झाली नाही, तो पाठ पहिल्या दिवशी होता तिथेच राहतो."

शेवटची परीक्षाही त्यांनी तिला पुन्हा समजावली. दोघांचे पाठ एका प्रमाणविद्यार्थ्यासमोर चालवले जाणार होते. हा विद्यार्थी म्हणजे हाडामांसाचं मूल नव्हे, तर वर्षभरात चाचणीच्या शाळांतल्या लाखभर मुलांनी दिलेल्या उत्तरांमधून यंत्राने घडवलेला शिकणारा. त्याच्यासमोर ज्याचा पाठ कमी अडकेल तो जिंकला.

केतकीने मान हलवली. तिने यातलं एकच धरलं: अडकेल तो हरेल. होनरावांना एक तुकडा नीट बोलायला दहा-दहा वेळा चित्रण करावं लागतं, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. त्यांची यादी आणखी लांबली, तर त्यांची दमछाक होईल, अर्ध्या चुका उत्तराविना पडून राहतील आणि अडकमान आभाळाला भिडेल. हा विचार तिला चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर सुचला. तो वाईट विचार आहे हे तिला लगेच कळलं. तरी तो तिने टाकला नाही.

आपला पाठ मुलाच्या बाजूने कसा दिसतो हे पाहण्यासाठी प्रत्येक शिक्षकाला एक चाचणीखातं दिलेलं असे. केतकीने ते उघडलं, नाव लिहिलं 'इरावती, इयत्ता आठवी ब' आणि आपल्या पाठाऐवजी होनरावांचा पाठ लावला. विजेचा परिपथ. तिचा सर्वांत आवडता धडा.

होनरावांनी विचारलं, "बॅटरीतून निघालेली वीज बल्बात गेली. आता बल्बातून बाहेर किती येईल? सांग बरं लेकरा."

इरावतीने आवाज बारीक करून सांगितलं, की थोडीशीच येईल, बाकीची बल्बाने खाल्ली.

त्याला तयार उत्तर होतं. ही चूक कोणतंही मूल करतं. मग केतकीने जरा खोल हात घातला. बावीस वर्षांत तिने उत्तरपत्रिकांमध्ये, मुलांच्या कपाळावरच्या आठ्यांमध्ये काय काय पाहिलं होतं, ते सगळं एकेक करून वर आलं. सगळी वीज परत येते म्हणता, तर मग बॅटरी संपते कशी? वायर लांब असली तर बल्ब उशिरा लागेल. बटण बॅटरीच्या पुढे लावलं तर दिवा विझेल, पण बल्बाच्या मागे लावलं तर विझणार नाही, कारण वीज आधीच येऊन गेलेली असेल.

पाठ तीनदा अडकला. त्या दिवशी डबा संपला तेव्हा केतकीला भाजी कसली होती ते आठवेना.

मग ते रोजचंच झालं. एक ते दोन जेवणाची सुट्टी. खोलीचं दार लावून ती एका हाताने पोळीचा घास मोडायची आणि दुसऱ्या हाताने होनरावांचा पाठ लावायची. दोन आठवड्यांत त्यांचं अडकमान चारावरून अकरावर गेलं. सोमवारच्या यादीसमोरची गर्दी आणखी वाढली, पण आता केतकीही त्या गर्दीत उभी राहून गालातल्या गालात हसायची. पडद्यावर तिच्या चुका होत्या.

तिचं हसू फार टिकलं नाही. होनराव चित्रणकक्षातून बाहेरच येईनात. सकाळी आठला शिरत ते संध्याकाळी सहाला घामेजून बाहेर पडत. एका कामगाराने त्यांना सायकल आत नेताना पाहिलं. पुढच्या आठवड्यात इरावतीने बॅटरीचा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा पडद्यावर होनराव ती सायकल उलटी ठेवून बसले होते.

"ही साखळी बग. फिरून फिरून कुठं कमी झाली का? नाही. जेवढी पुढं गेली तेवढीच मागून परत आली. पण पायडल मारणारा दमला का नाही? बॅटरी ही पायडल मारणारी हाय. साखळी संपत नसतीय, मारणारा दमतो."

त्याच सायकलने त्यांनी लांब वायरीचं उत्तर दिलं. साखळी कितीही लांब असो, ती साऱ्या अंगाने एकदमच हलते. त्याच सायकलने बटणाचं दिलं. साखळी कुठेही तुटली तरी चाक थांबणारच. केतकी घास हातात धरून बघत राहिली. इतकी वर्षं ती हे पाण्याच्या टाकीचा दाखला देऊन शिकवत आली होती आणि तो दाखला प्रत्येक वेळी जरासा गळत होता. हे आपल्याला का सुचलं नाही? तिने डबा तसाच झाकून ठेवला.

हेवा वाटणं वेगळं आणि तो रोज नव्याने, स्वतःच्या खर्चाने विकत घेणं वेगळं. केतकी हेच करत होती. तिने टाकलेला प्रत्येक खडा होनराव उचलत आणि भिंतीत बसवत, आणि भिंत पक्की होताना तिला पहिल्या रांगेतून पाहावी लागे. तरी ती थांबली नाही. आता तर तिला रात्री झोपेतही चुका सुचत.

अखेर तिला तो प्रश्न सापडला. एका बल्बानंतर दुसरा बल्ब जोडला की पहिल्याचा उजेडही कमी होतो. इरावतीने विचारलं, "पण सर, वीज आधी पहिल्या बल्बात येते. पुढे आणखी एक बल्ब आहे हे तिला तिथे कसं कळतं?" खुद्द केतकीला याचं उत्तर धड येत नव्हतं. कुणा मुलाने विचारलंच तर ती मोठ्या शिताफीने पुढच्या मुद्द्यावर जात असे.

पुढच्या सोमवारनंतर होनराव पडद्यावर आले, मान खाजवली आणि म्हणाले, "मला येत नाही बगा हे. इमानदारीत सांगतो. आठ दिवस दे."

आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं, की वीज सुरू झाल्या झाल्या तिलाही ठाऊक नसतं. पहिल्या क्षणी ती पुढचं काही न बघता शिरते, पुढे अडथळा लागला की मागे दाटी होते, ती दाटी साऱ्या वायरभर पसरते आणि मगच प्रवाह सगळीकडे सारखा होतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत आटपतं, म्हणून आपल्याला वाटतं की तिला आधीच कळलं होतं. उत्तर अचूक होतं. आणि 'मला येत नाही' हा तुकडा तर मुलांना इतका आवडला, की त्या आठवड्यात पाचशे मुलांनी होनरावांना उलट प्रश्न विचारले.

केतकीला त्या दिवशी रडू आलं. दुःखाचं नव्हे, निव्वळ जळफळाटाचं.

परीक्षा कार्तिकात झाली. समितीचे पाच जण, तांबोळी आणि दोघं शिक्षक सभागृहात बसले. प्रमाणविद्यार्थ्याला चेहरा नव्हता, नुसता आवाज होता, मुलाचाही नव्हे आणि मुलीचाही नव्हे. आधी होनरावांचा पाठ लागला. विद्यार्थी चुकत गेला आणि पडद्यावरचे होनराव उत्तर देत गेले. पाचशे चाळीस चुका. तीनच ठिकाणी पाठ अडकला.

मग केतकीचा पाठ. पहिल्याच थांब्यावर तो चेहरा नसलेला आवाज म्हणाला, "सगळी वीज परत येते म्हणता, तर मग बॅटरी संपते कशी?"

केतकीने तो प्रश्न लगेच ओळखला. तिच्या पाठाकडे याला उत्तर नव्हतं. कधी कुणी विचारलंच नव्हतं, तर असणार कुठून! मग बटणाचा प्रश्न आला. मग लांब वायर. इरावती तिच्यासमोर एकेक चूक घेऊन उभी राहत होती आणि पडद्यावरची केतकी, टापटीप, शुद्ध, हसतमुख, दर वेळी म्हणत होती की याचं उत्तर तुला पुढच्या आठवड्यात देते. पाचशे चाळिसांपैकी एकसष्ट चुकांनाच तिच्याकडे उत्तर निघालं. होनराव शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले होते आणि दर वेळी मान खाली घालत होते. त्यांचं ते मान खाली घालणं तिला हरण्याहूनही असह्य झालं.

समितीचे लोक चहाला उठल्यावर ती तांबोळींच्या खोलीत शिरली. लाखभर मुलांच्या उत्तरांतून विद्यार्थी घडवला म्हणालात, तर मग एकाच मुलीच्या चुका त्याच्या तोंडी कशा, असा तिचा सवाल होता. आपण काय कबूल करतो आहोत याचं भान तिला बोलून झाल्यावर आलं.

तांबोळी शांत होते. चूक किती मुलांनी केली हे यंत्र मोजत नाही, त्यांनी सांगितलं. प्रत्येक वेगळी चूक एकदाच धरतं. नाहीतर प्रमाणविद्यार्थी नुसता 'हो बाई' म्हणत बसला असता. पाचशे चाळिसांमधल्या तीनशे अकरा चुका इरावती, आठवी ब, हिच्या होत्या.

"आणि इरावती कोण आहे हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं, मॅडम. चाचणीखाती प्रयोगशाळेची आहेत."

"मग थांबवलं का नाही मला?"

"गेल्या वर्षी आम्ही सहा प्राध्यापकांना मुद्दाम चुकायला बसवलं होतं. चाळीस चुकांपुढे कुणाला जाता आलं नाही. चांगली चूक करायला विषय पक्का लागतो आणि समोरच्याला अडकवायची मनापासून इच्छा लागते. या दोन गोष्टी एका माणसात सहसा भेटत नाहीत. तुम्ही जेवण सोडून केलंत. होनराव सरांचे पाठ आज जे आहेत ते तुमच्यामुळे आहेत."

केतकी म्हणाली, की हा अन्याय आहे. त्यांना असा विद्यार्थी मिळाला, मला नाही.

तांबोळींनाही ते पटलेलं होतं. म्हणूनच भाद्रपदात, इरावती कोण ते समजलं त्याच आठवड्यात, त्यांनी होनरावांना बोलावून सांगितलं होतं, की रणदिवे मॅडमच्या पाठात चुकायला बसा, हवं ते नाव घ्या, जितकं अडकवता येईल तितकं अडकवा. होनराव तीन दिवस बसले होते. तांबोळींनी त्याची नोंद काढून तिच्यापुढे ठेवली.

चार उत्तरं होती. पहिली तीन अगदीच बाळबोध, कुणालाही सुचतील अशी. तिच्या पाठाने ती जागच्या जागी निस्तरली होती. चौथं उत्तर चूक नव्हतंच. होनरावांनी तिथे म्हटलं होतं, "मॅडम, चुकायचं ठरवूनच बसलो होतो, पण तुमचं ऐकतच राहिलो बगा. आमच्या शाळेत मी आठवीला असताना असं कुणी शिकवलं असतं तर लई बरं झालं असतं."

केतकीने ते दोनदा वाचलं. आयुष्यभर लोकांच्या तोंडून ती असं काहीतरी ऐकत आली होती आणि तिला ते आवडत आलं होतं. आज त्याच शब्दांनी तिला भोसकल्यासारखं झालं. तिला वाटत होतं, तोही सोमवारी तिच्या यादीकडे डोळे लावून बसतो. तोही कुठेतरी, दार लावून, तिच्यावर जळतो. पण तो तर नुसता ऐकत बसला होता.

तांबोळी सांगत होते, की समितीने दोन महिने वाढवून द्यायची तयारी दाखवली आहे. इरावतीच्या चुका पाठ करून उत्तरं देणं म्हणजे फुटलेला पेपर सोडवणं झालं. त्या आता चालणार नाहीत. नव्या चुका हव्यात, केतकीच्याच वाक्यांमधून, तिच्या त्या पाण्याच्या टाकीतून निघालेल्या. त्यासाठी नवा माणूस बसवायला हरकत नाही.

"विषय जाणणारं आणि तुम्ही हरावं असं मनापासून वाटणारं कुणी असेल तर नाव सांगा, मॅडम. गुप्त राहील."

केतकी विचार करू लागली. जुन्या शाळेतल्या सहकारी बाई. त्या निवृत्तीनंतर तिला आंब्याची पेटी पाठवत. चित्रफितींच्या काळात तिच्याबरोबर गणित शिकवणारे गोखले. त्यांनी कधीच हे क्षेत्र सोडलं होतं. विभागातल्या विज्ञानाच्या शिक्षिका. त्या तिला ताई म्हणत आणि आपल्या मुलांना तिचे पाठ दाखवत. एकेक चेहरा तिने डोळ्यांपुढे आणला आणि त्यात आपल्याबद्दलची जळजळ शोधली. कुणात कौतुक होतं, कुणात विसर होता. बावीस वर्षांत तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं आणि तिच्यामुळे कुणाच्या पोटात दुखलंही नव्हतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत आली.

भर दुपार होती, बाहेर समितीच्या गाड्या उभ्या होत्या. तिने दार लावलं, चाचणीखातं उघडलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःचा पाठ लावला. विजेचा परिपथ. पडद्यावरची केतकी बोलू लागली आणि खुर्चीतली केतकी बोट घालायला एखादी फट शोधू लागली. होनरावांच्या पाठात अशा फटी तिला दुरूनही दिसायच्या. इथे प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला घट्ट बसलं होतं, प्रत्येक शब्द तिला नेमका वाटत होता, आणि आपण इतकं सुंदर बोलतो हे पाहून ती, नको असताना, सुखावत होती.

थांबा आला. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "आता सांग, बल्बातून बाहेर येणारी वीज आत जाणाऱ्या विजेपेक्षा कमी असेल, जास्त असेल की तेवढीच?"

केतकीही चुकायचं ठरवूनच बसली होती. अखेर तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आलं, "तेवढीच."

"शाब्बास," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या आणि हसून पुढे शिकवू लागल्या.